बियाण्याबरोबर खरेदीदारही हवा : तेलबिया-कडधान्य अभियानांची एच. डी. कोटे तालुक्यात कसोटी

एच. डी. कोटे (जि. म्हैसूर, कर्नाटक) : खाद्यतेल आणि डाळी या दोन्ही बाबतींत देश परावलंबी राहू नये, यासाठी केंद्र सरकारने लागोपाठच्या दोन वर्षांत दोन मोठी अभियाने हाती घेतली आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी १०,१०३ कोटी रुपयांच्या ‘राष्ट्रीय खाद्यतेल अभियान – तेलबिया’ या योजनेला मंजुरी दिली. त्यानंतर सुमारे वर्षभराने, १ ऑक्टोबर २०२५ रोजी, ११,४४० कोटी रुपयांच्या ‘कडधान्य आत्मनिर्भरता अभियाना’वर शिक्कामोर्तब झाले. दोन्ही अभियानांची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे.

या अभियानांची उद्दिष्टे लाखो टनांत मोजली जातात. ती गाठली जाणार की नाही, याचा निर्णय मात्र म्हैसूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील हेग्गडदेवनकोटे, म्हणजेच एच. डी. कोटे यांसारख्या तालुक्यांतील लहान कोरडवाहू शेतांत होतो. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की कोणते पीक घ्यायचे, हे शेतकऱ्याला काही दिवसांतच ठरवावे लागते. बियाणे कोठून मिळेल, हा त्या वेळचा पहिला प्रश्न असतो. परंतु पीक हाती आल्यावर ते कोण आणि कोणत्या भावाने घेणार, हा दुसरा प्रश्न अनेकदा अधिक निर्णायक ठरतो. नव्या अभियानांचे यशापयश या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

अभियानांचा आराखडा

तेलबिया अभियानाने २०२२-२३ मधील ३९० लाख टन तेलबियांचे उत्पादन २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मोहरी, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल आणि तीळ या पिकांवर त्याचा मुख्य भर असून सरकी, भाताचा कोंडा व वृक्षजन्य तेलबिया यांपासून मिळणाऱ्या तेलाचे प्रमाण वाढविणे हाही त्याचा भाग आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झालेले ११,०४० कोटी रुपयांचे पाम तेल अभियान याला जोडून चालेल. दोन्हींच्या बळावर देशांतर्गत खाद्यतेल उत्पादन २५४.५ लाख टनांवर जाईल आणि त्यातून देशाची सुमारे ७२ टक्के गरज भागेल, असा अंदाज आहे. सध्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करावे लागते. २०१५-१६ मध्ये ६३.२ टक्के असलेले हे अवलंबित्व २०२३-२४ मध्ये ५६.२५ टक्क्यांवर आले, असे सरकारी आकडेवारी सांगते.

अंमलबजावणीसाठी ३४७ जिल्ह्यांत ६०० हून अधिक ‘मूल्यसाखळी समूह’ उभारण्याची योजना आहे. दरवर्षी १० लाख हेक्टरहून अधिक क्षेत्र त्यांत येईल. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था यांनी हे समूह चालवायचे असून त्यांतील शेतकऱ्यांना दर्जेदार बियाणे मोफत, लागवडीचे प्रशिक्षण आणि कीड व हवामानविषयक सल्ला मिळेल. भात आणि बटाटा निघाल्यावर पडीक राहणारी जमीन, तसेच आंतरपिके यांच्या आधारे आणखी ४० लाख हेक्टर क्षेत्र तेलबियांखाली आणण्याचा मानस आहे.

कडधान्य अभियानाचे उद्दिष्ट उत्पादन ३५० लाख टनांवर आणि क्षेत्र ३१० लाख हेक्टरवर नेण्याचे आहे. २०२३-२४ मध्ये उत्पादन सुमारे २४२ लाख टन होते. त्यासाठी १२६ लाख क्विंटल प्रमाणित बियाण्याचे वितरण, ८८ लाख मोफत बियाणे संच आणि एक हजार प्रक्रिया युनिटे यांची तरतूद आहे. प्रत्येक युनिटला कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकेल. पूर्वीच्या योजनांच्या तुलनेत सर्वांत महत्त्वाची घोषणा खरेदीविषयी आहे. सहभागी राज्यांतील नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून तूर, उडीद आणि मसूर यांची पुढील चार वर्षे शंभर टक्के खरेदी ‘नाफेड’ आणि ‘एनसीसीएफ’ या केंद्रीय संस्था किमान आधारभूत किमतीने करणार आहेत.

दोन पावसाळ्यांचा तालुका

एच. डी. कोटे हा नागरहोळे आणि बंडीपूर या अभयारण्यांना लागून, केरळच्या वायनाड जिल्ह्याच्या सीमेवर वसलेला तालुका आहे. कबिनी, नुगू, तारक आणि हेब्बळ्ळ ही धरणे याच परिसरात आहेत. कबिनी धरणाचे मोठे लाभक्षेत्र मात्र खालच्या अंगाला, नंजनगूड, टी. नरसीपूर आणि चामराजनगरच्या बाजूला आहे. त्यामुळे धरणांचा प्रदेश असूनही येथील बरीच शेती पावसावर अवलंबून राहिली. जंगलालगतच्या हाड्यांमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये, जेनू कुरुब आणि काडू कुरुब या आदिवासी समाजांची घरे आहेत. पीक रानडुकरे व हत्तींपासून राखणे, हाही येथील शेतीखर्चाचाच एक भाग आहे.

कृषी-हवामानाच्या विभागणीत हा तालुका कर्नाटकच्या दक्षिण संक्रमण विभागात मोडतो. महाराष्ट्रातील कोरडवाहू पट्ट्यापेक्षा येथील पावसाची रीत निराळी आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे चांगले पाऊस होतात, त्यानंतर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि पुढे ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस येतो. त्यामुळे एकाच कोरडवाहू शेतात वर्षाला दोन पिके घेण्याची संधी मिळते. जुन्या पीकपद्धतीत वळवाच्या ओलीवर तीळ, उडीद, मूग किंवा चवळी पेरली जाई. ही कमी मुदतीची पिके निघाली की नाचणी येई. नाचणीच्या शेतातही वाल, तूर, एरंडी, कारळे यांच्या ओळी असत. या मिश्र पद्धतीला कन्नडमध्ये ‘अक्कडी सालु’ म्हणतात. पावसाने एका पिकाला दगा दिला तरी दुसरे हाती लागावे आणि घरच्या डाळ-तेलाची सोय व्हावी, हा त्यामागचा हिशेब होता.

या पिकांची कन्नड नावे वेगळी असली, तरी ती मराठी वाचकाला परकी नाहीत. येथील ‘अलसंदे’ म्हणजे चवळी, ‘हुरळी’ म्हणजे कुळीथ किंवा हुलगा, ‘अवरे’ म्हणजे वाल-पावट्याचा प्रकार, ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ आणि ‘हुच्चेळ्ळु’ म्हणजे कारळे, ज्याला खुरासणीही म्हणतात. कोकणातील कुळथाचे पिठले, रायगडचे वाल किंवा सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यातील कारळ्याची चटणी ज्या पिकांतून येते, तीच पिके येथेही हलक्या, उताराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली.

तंबाखूचा धडा

ही पिके मागे पडण्याचे एक कारण शेजारच्याच शेतात दिसते. म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण, हुणसूर आणि एच. डी. कोटे हे तालुके सिगारेटसाठी लागणाऱ्या व्हर्जिनिया तंबाखूच्या पट्ट्यात येतात. येथील तंबाखू कोरडवाहू असून त्याची लागवड वळवाच्या पावसावर, साधारण मे महिन्यात होते. तीळ, उडीद आणि चवळीचा हंगामही तोच आहे. म्हणजे तंबाखू आणि कडधान्ये एकाच पावसासाठी व एकाच जमिनीसाठी स्पर्धा करतात. तंबाखू निघाल्यावर नाचणी, कुळीथ किंवा वाल घेता येतात. पण तेव्हा ती दुय्यम पिके झालेली असतात.

तंबाखू हे काही सोपे पीक नव्हे. त्याला रोपवाटिका, मजुरी, पाने भाजण्यासाठी भट्टी आणि भट्टीसाठी सरपण लागते. लागवडीसाठी नोंदणी व परवाना आवश्यक असतो आणि किती उत्पादन घ्यायचे यावर मर्यादा असते. भावही दरवर्षी सारखा राहत नाही. तरीही शेतकरी त्याकडे वळतो, कारण विक्रीची व्यवस्था ठरलेली आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या आणि आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे मुख्यालय असलेल्या तंबाखू मंडळाचे लिलाव केंद्र खुद्द एच. डी. कोटे येथे आहे. माल आणला की त्याची प्रत ठरते, खरेदीदार कंपन्या बोली लावतात आणि पैसे केव्हा मिळणार हे ठाऊक असते.

तंबाखूऐवजी अन्य पिकांना उत्तेजन देण्यासाठी केंद्राचा पीक विविधीकरण कार्यक्रम २०१५-१६ पासून तंबाखू उत्पादक राज्यांनाही लागू करण्यात आला. त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. आरोग्य आणि सरपणासाठी होणारी वृक्षतोड या दोन्ही दृष्टींनी तो आवश्यकच होता. तथापि पीक बदलायचे तर शेतकऱ्याला बियाण्याबरोबर लिलाव केंद्राला पर्याय ठरेल अशी विक्रीव्यवस्थाही द्यावी लागते. अन्यथा तंबाखू सोडलेले शेत तिळाकडे न जाता आले, मका किंवा कापसाकडे जाते. केरळमधील शेतकऱ्यांनी खंडाने जमिनी घेऊन वाढविलेले आले या तालुक्यात कसे पसरले, हे त्याचेच उदाहरण होय. त्या पिकाच्या भावात मोठी चढउतार असते. परंतु घेणारा व्यापारी बांधावर येतो.

विक्रीची हमी हा प्रश्न किती ज्वलंत असू शकतो, हे सीमाभागातील मराठी शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. १९८१ मध्ये निपाणी परिसरातील विडी तंबाखू उत्पादकांनी शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन केले. त्यांचे भांडण व्यापाऱ्यांच्या मर्जीवर ठरणाऱ्या भावाशी होते.

बियाणे लगेच का मिळत नाही?

अभियानांचा पहिला अर्धा भाग बियाण्याचा आहे. नव्या वाणाचे बियाणे संशोधन केंद्रातून थेट शेतकऱ्याच्या हाती येत नाही. आधी पैदासकार बियाणे तयार होते, त्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित बियाणे. प्रत्येक टप्प्याला साधारणतः एक हंगाम लागतो. म्हणून आज मागणी नोंदवली, तर पुरवठ्याला दोन-तीन वर्षे लागू शकतात.

पिकानुसार ही अडचण कमी-अधिक होते. तिळाचे हेक्टरी चार-पाच किलो बियाणे पुरते आणि एका शेतातील बियाण्यात अनेक शेते पेरता येतात. भुईमुगाला मात्र हेक्टरी शंभर किलो किंवा त्याहूनही अधिक दाणे लागतात आणि उत्पन्न पेरणीच्या काही पटच मिळते. परिणामी भुईमुगाचे बियाणे महाग पडते, त्याची साठवण कठीण असते आणि वाणबदल संथ होतो. खासगी कंपन्यांना संकरित मका किंवा कापसाच्या बियाण्यात रस असतो, कारण ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. कडधान्यांचे बहुतेक वाण सरळ असल्याने शेतकरी घरचे बियाणे पुन्हा वापरू शकतो. हा शेतकऱ्याचा लाभ असला, तरी त्यामुळे हे काम मुख्यतः सरकारी संस्था, विद्यापीठे आणि सहकारी यंत्रणेवर येऊन पडते. तेलबिया अभियानात ६५ नवी बियाणे केंद्रे आणि ५० साठवण युनिटे यांची तरतूद याच कारणासाठी आहे. राज्यांना पाच वर्षांचा बियाणे आराखडा ‘साथी’ या संकेतस्थळाच्या माध्यमातून तयार करावा लागणार आहे.

म्हैसूर परिसर संशोधनाच्या बाबतीत उपेक्षित नाही. बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने दक्षिण कर्नाटकासाठी ‘बीआरजी’ मालिकेतील तुरीचे आणि ‘हेब्बाळ अवरे’ मालिकेतील वालाचे वाण दिले आहेत. पारंपरिक वाल थंडीचे लहान दिवस आल्यावरच फुलतो. ‘हेब्बाळ अवरे–३’ आणि ‘४’ यांना दिवसाच्या लांबीचे हे बंधन नाही, म्हणून ते अन्य हंगामांतही घेता येतात. नंजनगूड तालुक्यातील सुत्तूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि होबळी पातळीवरील रयत संपर्क केंद्रांतून बियाणे व निविष्ठांचे वितरण होते. म्हणजे बियाणे पोहोचविण्याची वाट अस्तित्वात आहे. वळवाच्या पिकासाठी ते मार्चअखेरपर्यंत हंपापूर किंवा अंतरसंते येथील केंद्रात पडलेले असावे, इतकी काटेकोर वेळ मात्र पाळली गेली पाहिजे. जूनच्या खरिपाचे वेळापत्रक धरून पाठवलेले संच येथे हंगाम उलटल्यावर पोहोचतील.

हमीभावाच्या यादीतील आणि यादीबाहेरची पिके

दुसरा अर्धा भाग खरेदीचा, आणि तोच अधिक गुंतागुंतीचा आहे. २०२५-२६ च्या खरीप पणन हंगामासाठी केंद्राने तुरीला क्विंटलमागे ८,००० रुपये, उडदाला ७,८००, मुगाला ८,७६८, भुईमुगाला ७,२६३, सूर्यफुलाला ७,७२१ आणि तिळाला ९,८४६ रुपये किमान आधारभूत किंमत जाहीर केली. त्या वर्षी सर्वाधिक म्हणजे ८२० रुपयांची वाढ कारळ्याला मिळाली आणि त्याची किंमत ९,५३७ रुपये झाली. डोंगरउतारावरील या उपेक्षित पिकाची दखल घेतली गेली, ही स्वागतार्ह बाब आहे.

परंतु आधारभूत किंमत जाहीर होणे आणि प्रत्यक्ष खरेदी होणे यांत अंतर असते. तेलबिया व कडधान्यांची खरेदी ‘पीएम-आशा’ अंतर्गत किंमत समर्थन योजनेतून होते. बाजारभाव आधारभूत किमतीखाली गेल्यास राज्य सरकार केंद्राकडे प्रस्ताव पाठवते, केंद्र मंजुरी देते आणि मग राज्य यंत्रणा व सहकारी संस्थांच्या माध्यमातून केंद्रे उघडली जातात. खरेदी राष्ट्रीय उत्पादनाच्या २५ टक्क्यांच्या मर्यादेत होते. तूर, उडीद आणि मसूर यांच्यापुरती ही मर्यादा उठविण्यात आली आहे. शेतकऱ्याला आगाऊ नोंदणी करावी लागते, मालातील ओलावा ठरलेल्या मर्यादेत असावा लागतो आणि पैसे बँक खात्यात जमा होतात. कर्नाटकात कलबुर्गीसारख्या तुरीच्या कोठारात शेतकऱ्यांना ही पद्धत सवयीची आहे. जेथे प्रत्येकाकडे दोन-चार पोतीच माल निघतो आणि तोही चार प्रकारचा असतो, तेथे खरेदी केंद्र उघडणे यंत्रणेला परवडत नाही.

एक साधा हिशेब पाहू. समजा, एखाद्या शेतकऱ्याने एका एकरात दोन क्विंटल तीळ काढले. आधारभूत किमतीने त्याचे १९,६९२ रुपये होतात. गावात आलेला व्यापारी क्विंटलमागे हजार रुपये कमी देत असेल, तर त्याचे दोन हजारांचे नुकसान होते. पण हे दोन हजार वाचविण्यासाठी त्याला वाहन ठरवून दूरच्या केंद्रावर जावे लागणार असेल, तेथे दिवस मोडणार असेल आणि ओलाव्याच्या कारणाने माल परत येण्याची भीती असेल, तर तो व्यापाऱ्यालाच माल देईल. त्याचा हा निर्णय त्याच्या दृष्टीने व्यवहार्यच असतो.

याहून मूलभूत अडचण यादीचीच आहे. किमान आधारभूत किमतीच्या यादीत तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर ही पाचच कडधान्ये आहेत. चवळी, कुळीथ आणि वाल त्यांत नाहीत. महाराष्ट्रातील मटकीही नाही. खरेदीची शंभर टक्के हमी तर तीनच डाळींना आहे. त्यांपैकी मसूर या भागात होत नाही. म्हणजे एच. डी. कोटेच्या हलक्या जमिनीत ज्या कडधान्यांना पाऊस आणि माती मानवते, त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला हमीचा लाभ येत नाही. तूर आणि उडीद यांचे क्षेत्र वाढवणे हा एक मार्ग आहे; वळवाचा उडीद येथे जुनाच आहे आणि नाचणीतील तुरीची ओळही. मात्र जेथे जमीन मुरमाड आहे आणि पाऊस लवकर संपतो, तेथे कुळथाची जागा तूर घेऊ शकत नाही.

याआधीचे तीन अनुभव

देशाने असे प्रयत्न यापूर्वीही केले आहेत. मे १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. त्या वेळी सुमारे १०८ लाख टन असलेले उत्पादन पुढील दहा-अकरा वर्षांत दुपटीच्या वर गेले. ‘पीत क्रांती’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या यशात वाण आणि तंत्रज्ञानाचा वाटा होताच. पण आयातीवरील नियंत्रण आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ‘धारा’ या नावाने केलेला बाजारातील हस्तक्षेप यांमुळे शेतकऱ्याला भावाचा आधार होता. १९९४ पासून आयात खुली होऊ लागली, पुढे शुल्क उतरले, स्वस्त पाम तेल आले आणि तेलबियांच्या क्षेत्रवाढीचा वेग मंदावला. अभियान कागदावर चालूच होते.

दुसरा अनुभव तुरीचा. २०१५ मध्ये किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. चढा भाव, बोनससह जाहीर झालेली आधारभूत किंमत आणि चांगला पाऊस यांमुळे देशातील कडधान्य उत्पादन २०१५-१६ मधील १६३ लाख टनांवरून एकाच वर्षात २३१ लाख टनांवर गेले. बियाणे तेच होते, जमीनही तीच होती. भावाचा संकेत मिळताच शेतकऱ्याने प्रतिसाद दिला. मात्र त्या हंगामात भाव आधारभूत किमतीखाली कोसळले आणि महाराष्ट्र व कर्नाटकात खरेदी केंद्रांसमोर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या.

तिसरा अनुभव सोयाबीनचा, महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या ताज्या आठवणीतला. २०२४ च्या हंगामात आधारभूत किंमत ४,८९२ रुपये असताना बाजारभाव त्याखाली राहिला. काढणीच्या वेळी दाण्यात ओलावा अधिक असल्याने सरकारी केंद्रावर माल नाकारला जात होता. अखेर केंद्राने ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली. ज्यांनी आधीच माल विकला होता, त्यांना त्या सवलतीचा उपयोग नव्हता.

तिन्ही अनुभवांतून एकच गोष्ट दिसते. क्षेत्र आणि उत्पादन भावाला प्रतिसाद देतात आणि भावाचा आधार सुटला की अभियान असूनही शेतकरी मागे फिरतो.

आयात शुल्काचा धागा

या भावाचा एक धागा बंदरात बांधलेला आहे. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ सीमाशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के करण्यात आले. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले गेले. पिवळ्या वाटाण्याची आयात डिसेंबर २०२३ पासून शुल्कमुक्त होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागू झाले. शहरी ग्राहकाला महागाईची झळ बसू नये आणि शेतकऱ्याला भाव मिळावा, या दोन्ही जबाबदाऱ्या सरकारवर असतात, हे मान्य केले तरी पेरणीनंतर बदलणारे शुल्क शेतकऱ्याचा हिशेब चुकवते. सूर्यफुलाच्या बाबतीत कर्नाटकाने हे अनुभवले आहे. भारतातील पहिला संकरित सूर्यफूल वाण बेंगळुरूच्या विद्यापीठातून आला आणि हे राज्य सूर्यफुलाचे प्रमुख उत्पादक राहिले; तरीही देशाच्या सूर्यफूल तेलाचा बहुतांश भाग आज परदेशातून येतो.

तालुक्याच्या पातळीवर काय शक्य आहे?

एच. डी. कोटेसारख्या तालुक्यात अभियाने रुजवायची असतील, तर काही बाबी सध्याच्याच तरतुदींतून साधता येण्याजोग्या आहेत. पहिली बाब माल एकत्र करण्याची. गावोगावच्या दोन-चार पोत्यांचा एक ट्रक झाला की खरेदी संस्थेलाही परवडते आणि व्यापाऱ्याशी बोलणीही करता येते. तेलबिया समूह चालविणाऱ्या उत्पादक कंपन्या किंवा प्राथमिक कृषी पतसंस्था यांना चाळणी, वाळवण आणि ओलावामापक यंत्र उपलब्ध करून दिल्यास केंद्रावर माल नाकारला जाण्याची शक्यता गावातच कमी होईल.

दुसरी बाब प्रक्रियेची. कडधान्य अभियानातील एक हजार प्रक्रिया युनिटे मोठ्या बाजारपेठांतच एकवटण्याचा धोका आहे. म्हैसूर शहरात १९५० पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने लहान क्षमतेच्या डाळ गिरण्या विकसित केल्या आहेत. अशा गिरण्या होबळीच्या गावी चालल्या, तर कडधान्य म्हणून न विकता डाळ म्हणून विकण्याचा पर्याय निर्माण होतो. चुरी आणि टरफल जनावरांना मिळते. तीळ व कारळ्याच्या लहान घाण्यांनाही हेच लागू पडते; पेंड गावातच राहते.

तिसरी बाब यादीबाहेरच्या पिकांची. चवळी, कुळीथ आणि वाल यांना राष्ट्रीय पातळीवर आधारभूत किंमत मिळो वा न मिळो, स्थानिक मागणीची हमी देण्याचे मार्ग राज्यांकडे आहेत. शालेय माध्यान्ह भोजन, अंगणवाडी आणि आदिवासी आश्रमशाळा यांच्या पोषण आहारात ही कडधान्ये घेतली आणि त्यांची खरेदी त्याच तालुक्यातील संस्थांकडून केली, तर मागणीचे प्रमाण लहान का होईना, पण ठरलेले राहील. हे सूत्र महाराष्ट्रातील मटकी आणि कुळीथ यांनाही तितकेच उपयोगी पडेल.

चौथी बाब जमिनीची. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. आले आणि तंबाखूसारख्या जमिनीचा कस ओढून घेणाऱ्या पिकांनंतर हे मोल मोठे आहे. परंतु आज ते बाजारात कोणी मोजत नाही. अभियानाच्या लाभांत फेरपालटाला प्रोत्साहन जोडले गेले, तर शेतकऱ्याला त्याचे थेट श्रेय मिळेल.

पुढील पाच हंगाम

दोन्ही अभियानांकडे निधी, वेळ आणि स्पष्ट आकडे आहेत. २०३०-३१ पर्यंत वळवाचे मोजकेच पाऊस हाती आहेत. बियाणे संच किती वाटले, किती हेक्टर क्षेत्र समूहांत आले, याची नोंद सरकारी अहवालांत होईलच. एच. डी. कोटेच्या दृष्टीने मात्र अभियानाचे मोजमाप अधिक साधे आहे. पहिल्या वर्षी मोफत संचातून तीळ किंवा उडीद पेरणारा शेतकरी दुसऱ्या वर्षी, संच मिळो वा न मिळो, स्वतःच्या बियाण्याने तेच पीक पुन्हा पेरतो का, हे त्याचे मोजमाप. तंबाखूची पाने घेऊन लिलाव केंद्राकडे जाणारा रस्ता त्याला पाठ आहे. तिळाचे पोते घेऊन जाण्यासाठी तितकाच भरवशाचा रस्ता मिळाला, तर पीक बदलण्याचा आग्रह त्याला कोणी करावा लागणार नाही.